पेटीतून निघेल ते

फिटर फोनवर बोलणाऱ्यांपैकी नव्हता. पंपांच्या कारखान्यात त्याने चौतीस वर्षं काढली. तिथे मशीनच्या आवाजात बोलून काही उपयोग नसायचा, आणि घरी आल्यावर बोलायचं खातं बायकोकडे होतं. लेकीचा फोन आला की तो उचलायचा, "बरी आहेस ना? थांब, आईला देतो," एवढं म्हणायचा आणि हात भाजल्यासारखा फोन पुढे करायचा. मग मायलेकींचं पाऊण तास चालायचं. तो शेजारी पेपर धरून बसायचा आणि एकाच बाजूचं बोलणं ऐकून दुसरी बाजू मनात जुळवायचा. लग्न होऊन लेक दूरच्या शहरात गेल्यापासून तिची सगळी खबरबात त्याला अशीच मिळत आली होती.

कारखान्यात त्याला कुणी नावाने हाक मारली नाही. सगळे फिटरच म्हणायचे, आणि पुढे पुढे बायकोही थट्टेने तेच म्हणू लागली. लेकीला तो ठिणगी म्हणायचा. तिच्या लहानपणी तो ग्राइंडरवर पातं धरून बसला की ती सुरक्षित अंतरावर उभी राहायची आणि ठिणग्या मोजायची. शंभरच्या पुढे आकडे यायचे नाहीत म्हणून पुन्हा एकपासून.

बायको सात महिने अंथरुणाला खिळून होती आणि मग गेली, तेव्हा फोन द्यायला घरात कुणी उरलं नाही. लेक तीन आठवडे येऊन राहिली. दोघं एका टेबलावर जेवायची, भांडी घासायची, कपाटं आवरायची, आणि दिवसभरात वीस-पंचवीस शब्द बोलायची. निघायच्या आदल्या दिवशी ती तिच्या जुन्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, इकडे या. तुम्हाला एक गेम टाकून देते. रविवारी पाच वाजता आपण दोघं खेळू."

गेमचं नाव होतं 'शेवटचा नाका'. उजाड शहर, पडके कारखाने, आणि दोघादोघांच्या जोड्या एकमेकांवर गोळ्या झाडत फिरतायत. फिटर पडद्याकडे बघत राहिला. "या वयात मी लोकांना मारत सुटू?"

"मारायचं मी बघते. तुम्ही हे बघा," ती म्हणाली आणि तिने एक पत्र्याचं दार उघडलं.

आत वर्कशॉप होतं. लांब बेंच, बेंचला लोखंड पकडायचा वाईस, भिंतीवर हत्यारं टांगलेली. बेंचवर बंदूक ठेवली की तिचा प्रत्येक भाग सुटा व्हायचा. नळी आखूड करा, लांब करा, दस्ता कमीजास्त करा, दुर्बीण बदला, घोड्याचा ताण हलका करा. प्रत्येक बदलाचा दुसऱ्या कशावर तरी परिणाम व्हायचा. नळी लांब केली की नेम सुधारायचा पण वजन पुढे झुकायचं, मग दस्त्यात भर घालावी लागायची. फिटर खुर्ची ओढून बसला. लेकीची गाडी सकाळी सातची होती. बॅग भरून ती झोपायला गेली तेव्हाही तो तिथेच होता आणि तिने डोकावून पाहिलं तर चष्मा कपाळावर सरकवून पडद्याच्या अगदी जवळ गेला होता.

तेव्हापासून रविवारी पाचला तो दाढी करून, कानाला हेडफोन लावून बसू लागला. नेमबाजी त्याला शेवटपर्यंत जमली नाही. तो भिंतीआडून भिंतीआड जायचा आणि लेकीला पाठीमागून कुणी येतंय का एवढं सांगायचा. पण सामना सुरू होण्याआधी बेंचवर हवा तितका वेळ काढता यायचा, आणि खरा रविवार तोच होता. तिची बंदूक तो बेंचवर घ्यायचा, ती शेजारी उभी राहायची.

"मागच्या वेळी तू घाईत डावीकडे खेचत होतीस," तो म्हणायचा. "कात्रीनेही तशीच कापायचीस. कागदाची रेघ कायम डावीकडे जायची."

"मग मी सुधारू?"

"तू कशाला सुधारतेस? मी पकड दोन अंश फिरवतो."

तो फिरवत असे आणि ती बोलत असे. ती विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोक तिच्यावर ओरडायचे, जणू बॅग तिनेच पळवली. एका गृहस्थाची बॅग सापडली तर आत नुसत्या चपलांच्या डाव्या जोडीदारणी होत्या, उजव्या दुसऱ्या विमानाने दुसऱ्याच देशात. फिटर हसायचा, पण हात चालू. कधी ती म्हणायची, "आज आईच्या स्वेटरचा वास गेला बाबा. धुतला नव्हता तरी गेला." तो स्क्रू अर्धा फेरा घट्ट करायचा, सैल करायचा, पुन्हा घट्ट करायचा. तिला कळायचं की ऐकलंय. समोरासमोर असते तर दोघांनी मान फिरवली असती. इथे दोघांचे डोळे बंदुकीवर होते, म्हणून निभत होतं. दीड वर्ष निभलं.

मग गेमवाल्यांनी अपडेट आणलं.

रविवारी फिटरने गेम चालू केला तर पत्र्याचं दार होतं तिथे सपाट भिंत. एक पाटी आली. वर्कशॉप बंद करण्यात आलं आहे. यापुढे सामन्यात उतरताना सगळे रिकाम्या हातांनी उतरतील आणि मैदानात जागोजागी ठेवलेल्या पेट्या उघडून शस्त्र मिळवतील. पेटीत काय असेल ते दर वेळी वेगळं, कुणालाच ठाऊक नसलेलं. जुन्या बंदुका मोडीत काढून त्यांचे गुण खात्यात जमा केले आहेत. सगळ्यांना समान संधी, असं खाली लिहिलं होतं.

"मोडीत म्हणजे?" त्याने विचारलं.

"म्हणजे गेल्या, बाबा."

"तुझीसुद्धा?"

"सगळ्यांच्याच. अहो, पण हे मजेचं आहे. माझ्या ऑफिसातले सगळे खूश आहेत. आधी काय व्हायचं, जुने लोक आपापली तासून ठेवलेली हत्यारं घेऊन यायचे आणि नव्याला उभंही राहू द्यायचे नाहीत. आता जे निघेल त्यावर भागवायचं. बघा तरी."

पहिल्या पेटीतून त्याला धुराचा डबा आणि एक पिस्तूल मिळालं. पिस्तुलाची पकड इतकी वाकडी की त्याला ते हातात धरवेना. लेकीला कुठूनशी भलीमोठी तोफ मिळाली आणि ती खदाखदा हसत सुटली. आई गेल्यापासून ती एवढी हसली नव्हती. फिटरला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. त्याला फक्त एवढंच दिसलं की तोफेचा झटका तिला डावीकडे फेकतोय आणि तो काही करू शकत नाही.

दुसरा बदल त्यांच्या उशिरा लक्षात आला. बेंच गेलं तसा थांबायचा वेळही गेला. सामना निवडला की पडद्यावर तीसपासून उलटे आकडे पडायचे आणि शून्यावर दोघं मैदानात. मग धावपळ, गोळ्या, पेट्या. मेलं की पुन्हा तीस.

तिसऱ्या रविवारी आकडे पडत असताना ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं."

"अगं, मी कंपनीला पत्र लिहिलंय," फिटर आपल्याच नादात म्हणाला. "दोन पानी. म्हटलं, ज्याला आपल्या हाताला बसेल असं हत्यार करायचंय त्याला करू द्या, ज्याला पेट्या फोडायच्यात त्याने फोडाव्यात. दोन्ही ठेवायला तुमचं काय जातं? माणूस चौतीस वर्षं एका पान्ह्याने काम करतो, त्याला रोज सकाळी डोळे मिटून पेटीत हात घाल म्हणालात तर..."

"बाबा."

"हं, काय म्हणत होतीस?"

आकडा चारवर आला होता. "राहू दे, नंतर सांगते," ती म्हणाली, आणि दोघं मैदानात पडली.

नंतर ते राहूनच गेलं. पुढच्या रविवारी फिटर ठरवूनच बसला होता. लांब नळीची, हलक्या घोड्याची रायफल कुठल्यातरी पेटीत असणारच, ती शोधायची आणि ठिणगीला द्यायची. तो गोदामात शिरला, एक पेटी उघडली, दुसरी, तिसरी. बाहेर लेक हाका मारत होती. "बाबा, मागे या. दोघं आहेत. बाबा, मी एकटी पडलेय."

"आलोच. एक पेटी राहिली."

त्या पेटीत मलमपट्टी निघाली. बाहेर येऊन बघतो तर तिचा खेळ संपला होता.

हेडफोनमध्ये ती हळू आवाजात म्हणाली, "मी पाच वेळा हाक मारली."

"तुझ्यासाठीच शोधत होतो ना. हे असलं हातात घेऊन तू किती वेळ टिकणार?"

"मला टिकायचं नव्हतं. तुम्ही बाजूला यायला हवे होतात." पुढे बोलली तेव्हा तिचा आवाज गेमबद्दल बोलणाऱ्याचा राहिला नव्हता. "आईचंही असंच केलंत. तिच्या पलंगाला कठडा केलात, उठून बसायला कप्पी लावलीत, ताटासाठी वरखाली होणारं टेबल केलंत. ते बघायला मलाही बोलावलंत. आणि ती रोज म्हणत होती, अहो, जरा बसा. मी ऐकलंय बाबा. रोज म्हणत होती. तुम्ही पुढच्या खोलीत कानस चालवत होतात."

फिटरला बोलायचं होतं. कप्पीमुळे तिला शेवटपर्यंत कुणाचा हात न धरता उठता आलं, हे सांगायचं होतं. पडद्यावर पुढच्या सामन्याचे आकडे पडू लागले. शून्य झालं तेव्हा त्याच्या बाजूला कुणी नव्हतं.

त्या आठवड्यात त्याने फोन हातात घेतला आणि ठेवला, असं किती वेळा झालं याला गणती नाही. रागावला होता म्हणावं तर तसंही नाही. फोन लावला आणि तिने उचलला तर पुढे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. "बरी आहेस ना" नंतरचं वाक्य तो फोनवर आयुष्यात कधी बोललाच नव्हता. रविवारी पाचला तो कॉम्प्युटरसमोर बसायचा. यादीत तिचं नाव करड्या रंगात दिसायचं आणि खाली शेवटची हजेरी किती दिवसांपूर्वीची ते. सात. चौदा. एकवीस. मधल्या काळात कंपनीचं उत्तर आलं, आपल्या सूचनेचे आम्ही स्वागत करतो, एवढंच. त्याने ते दोनदा वाचलं. खाली सही कुणाचीच नव्हती.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, जावयाचा फोन आला. जावई शाळांना नकाशे आणि विज्ञानाचं साहित्य पुरवायचा, बोलका माणूस होता. त्या दिवशी त्याला सुरुवात करता येईना.

"बाबा, तिने सांगू नका म्हटलं होतं. पण मला राहवत नाहीये."

"बोला."

"बाळ होणार होतं. चौथा महिना लागला होता. राहिलं नाही. तीन आठवडे झाले आता. ती कामावर जाते, घरी येते, जेवते. पण बोलत नाही."

फिटरने उभ्याउभ्याच ओट्याची कड धरली. नातवंड होतं हे त्याला कळलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा ते नव्हतं. तो दिवस मोजू लागला आणि तिसऱ्या रविवारवर येऊन थांबला. चार आकडे उरले होते, आणि त्याने दोन पानी पत्राची कथा लावली होती.

"येऊ का मी?" त्याने विचारलं.

"यायलाच सांगणार होतो," जावई म्हणाला.

सात तासांचा बसप्रवास. निघताना सवयीने त्याने हत्यारांची पिशवी उचलली, दाराशी खाली ठेवली, आणि मग पुन्हा उचलली. वाटेत त्याने पाच-सहा वाक्यं तयार केली. बस शहरात शिरेपर्यंत त्यातलं एकही बोलण्यासारखं वाटेना.

दार तिनेच उघडलं. ती वाळली होती आणि केस कापून घेतले होते. "त्याने सांगितलं वाटतं," एवढंच म्हणाली आणि आत पाणी आणायला गेली. जावई काहीतरी निमित्त काढून बाहेर पडला. दोघं स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसली.

फिटरने सगळी तयार वाक्यं सोडली आणि मनातलं भय तसंच विचारलं. "माझ्या त्या भांडणाने झालं का गं?"

"नाही."

"मग कशाने?"

"कशानेच नाही. डॉक्टर म्हणाल्या, दहातल्या एखाददुसरीचं होतं असं. कारण सापडत नाही. तुमचं काही चुकलं नाही, माझंही नाही."

"असं कसं? काहीतरी असणारच. मशीन उगाच बंद पडत नाही. शोधलं की सापडतं."

"बाबा, मी पण शोधलं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "कॉफी प्यायले ते. सामानाची बॅग उचलली होती एकदा ती. एका रात्री पालथी झोपले होते ते. सगळं शोधून झालं. तुम्हाला कारण हवंय, मलाही हवंय. पण नाहीये."

बायकोच्या डॉक्टरनेही फिटरला हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, आणि तो तडक घरी येऊन कठड्याचं माप घ्यायला लागला होता. ते त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आता तो टेबलाकडे बघत, तुटक तुटक बोलला.

"तुझी आई बस म्हणायची. मला ऐकू यायचं. पण बसलो असतो ना, तर ती जाणार हे मान्य केल्यासारखं झालं असतं. हातात काम असलं की वाटायचं, अजून काही तरी करता येतंय."

लेकीने मान वर केली नाही. "तिला माहीत होतं," ती म्हणाली. "मला म्हणाली होती एकदा, फिटर घाबरलाय. पण तरी बसायला हवे होतात."

"हो," फिटर म्हणाला.

क्षमा कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. तो सहा दिवस राहिला. त्यातले तीन दिवस ती कामावर गेली आणि तो घरात एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर बसत राहिला. नळ गळत होता, तो त्याने मुद्दाम दुरुस्त केला नाही. मग चौथ्या दिवशी केला, कारण त्या थेंबांनी तिलाही झोप लागत नव्हती.

शनिवारी तिने त्याला आतल्या लहान खोलीत नेलं. तिथे बाळाचा लाकडी पलंग उभा होता. ऑफिसातली एक मैत्रीण घर बदलत होती, तिने आगाऊच देऊन टाकला होता, आणि जावयाने हौसेने त्याच दिवशी जोडून ठेवला होता. आता तो परत द्यायचा होता. दारातून तसाच्या तसा निघत नव्हता.

"जोडला त्यालाच आता उघडवत नाहीये," ती म्हणाली. "मला नुसतं बघूनच काहीतरी होतं. तुम्ही कराल का?"

फिटर खाली बसला. जावयाने स्क्रू इतके आवळले होते की त्यांतल्या दोन स्क्रूंचे आटे खराब झाले होते. लेक समोर बसली आणि एकेक पट्टी सुटेल तशी धरू लागली. पट्ट्या पडू नयेत म्हणून कुणीतरी धरणं भागच होतं. दोन-तीन स्क्रू निघाले असतील, तेव्हा ती बोलायला लागली.

दवाखान्यात काय झालं ते तिने सांगितलं. बाहेर बाकावर बसलेली एक अनोळखी बाई तिची चप्पल शोधून देत होती ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी खिडकीशी एक माणूस हरवलेल्या बॅगेसाठी टाहो फोडत होता आणि ती त्याला म्हणाली, "सापडेल, सगळं सापडत नाही पण तुमचं सापडेल," आणि मग बाथरूममध्ये जाऊन अर्धा तास बसली, तेही सांगितलं. डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख कोणती दिली होती तेही ती बोलून गेली. फिटर स्क्रू काढून वाटीत टाकत होता. एकदा त्याचे डोळे इतके भरले की स्क्रूची खाच दिसेना, तेव्हा तो थांबला आणि नुसता बसून राहिला. ती बोलत राहिली.

पलंग सोळा पट्ट्या आणि चार खांबांचा होऊन भिंतीला टेकला. त्याने दोरीने बांधला आणि दोघांनी मिळून खाली नेला. मैत्रिणीच्या नवऱ्याने गाडीच्या टपावर चढवला, आभार मानले, आणि एवढ्या लवकर परत कसा असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं, पण तिच्या तोंडाकडे बघून त्याने ते गिळलं.

रविवारी दुपारच्या बसने फिटर परतला. 'शेवटचा नाका' दोघांपैकी कुणी पुन्हा उघडला नाही. काही महिन्यांनी म्हणे कंपनीने लोकाग्रहास्तव वर्कशॉप परत आणलं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, तोच गेम खेळणाऱ्या पोस्टमनने कौतुकाने ते सांगितलं, तेव्हा फिटर म्हणाला, "चांगलं झालं," आणि जिना चढून वर गेला.

आता रविवारी पाचला फोन असतो. एकदा ती करते, एकदा तो. बोलणं काही पाऊण तास चालत नाही. तो नळाचं विचारतो, ती त्याच्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारते. मग दोघं थांबतात आणि कुणीच फोन ठेवत नाही. पलीकडे ती भांडी लावत असते ते त्याला ऐकू येतं.

बाळाची तारीख बुधवारी आली. त्या दिवशी फिटरने सकाळी आठला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"आज बुधवार आहे बाबा," ती म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच केला."

ती रडली नाही. कामावर जायला निघालीच होती. जिना उतरताना, रस्त्यावरून चालताना, बसथांब्यावर, तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला होता. गाड्यांच्या आवाजात तिचं बोलणं मधूनमधून ऐकू येईनासं व्हायचं. फिटर "हं" म्हणत राहिला, आणि बस आली तेव्हा ती म्हणाली, "ठेवू का आता?"

"चढ आधी," तो म्हणाला. "मग ठेव."